दोन बोटं जागा

चांगुणामावशींना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, डोकी राहत. ओसरीवर पाय पसरून, मांडीवर खणाचा तुकडा घेऊन त्या शिवत बसलेल्या असायच्या. रस्त्यानं कुणी गेलं की सुई न थांबवता सांगायच्या, "त्यो बग, आक्काबाईचा थोरला. मागनं चपटं डोस्कं. लई झोपाळू पोरगं हुतं." ते झोपाळू पोरगं आता सात एकर ऊस आणि भरघोस मिशा बाळगून होतं, साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभं राहायच्या गोष्टी करत होतं. मावशींच्या लेखी मात्र त्याचं वय अजून टोपड्याचंच होतं.

कोपरगावपासून सात मैलांवर, गोदावरीच्या काठी चिंचसांगवी नावाचं हे गाव. गावातल्या आणि आसपासच्या आठ-दहा वस्त्यांवरच्या प्रत्येक बाळाचं टोपडं चांगुणामावशींनी शिवायचं असा रिवाज होता. त्यांच्या सासूबाई शिवायच्या म्हणून त्या शिवायच्या. सासूबाई का शिवायच्या, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. एका बाळाला तीन टोपडी. पहिलं बाराव्या दिवशी, बारशाला. दुसरं सहाव्या महिन्यात, उष्टावणाला. तिसरं वर्षाच्या सुमारास, जावळ काढल्यावर उघडं पडलेलं डोकं झाकायला. माप घ्यायला त्या साधा पांढरा दोरा वापरत. दोरा डोक्याभोवती फिरवायचा, तोडायचा, शिवून झालं की त्याच टोपड्याच्या कापडाची चिंधी त्याला बांधून माजघरातल्या आडव्या बांबूवर टांगून ठेवायचा. त्यांचे यजमान बन्सीभाऊ म्हणायचे, "आमच्या घरात पीठ संपलं तर चालतंय, दोरा संपला तर बाई घर डोक्यावर घेती."

त्या बांबूखालून मी चार महिने वाकून ये-जा करत होते आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता. एवढ्यावरून मी किती हुशार होते ते समजावं.

मी नगरची. सावेडीत तेव्हा नव्यानं घरं होत होती, त्यातल्या एका घरात आम्ही राहायचो. पुण्याला बालरोगशास्त्रात एम. डी. करत होते, आणि प्रबंधाचा विषय घेतला होता पहिल्या वर्षातली मेंदूची वाढ. वडिलांनी ही बातमी सगळ्या कॉलनीत केली होती. "आमची विजयमाला मेंदूवर संशोधन करते," असं ते सांगायचे, आणि ऐकणारा माणूस माझ्याकडे जरा घाबरून बघायचा. प्रत्यक्षात काम साधं होतं. जिवंत बाळाचा मेंदू काही तराजूत घालता येत नाही. पण पहिल्या वर्षात मेंदू जवळजवळ तिप्पट होतो, आणि तो वाढतो तशी कवटी वाढते. म्हणून डोक्याचा घेर मोजायचा. जन्मल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षानं. शंभर बाळांचा घेर मिळाला, सोबत आई काय खाते, बाळ काय खातं हे लिहिलं, की प्रबंध तयार. आमचे मार्गदर्शक डॉक्टर रंगनाथ वैशंपायन म्हणाले होते, "टेप लावायची आणि आकडा लिहायचा. शाळेतल्या मुलीलाही जमेल." सर क्वचितच बोलत, आणि बोलले की असंच बोलत.

१९७० सालच्या श्रावणात मी टेप घेऊन चिंचसांगवीत उतरले. राहायला एक खोली घेतली, जेवायला चांगुणामावशींकडे जायचे. पहिल्याच घरी बाळाच्या आजीनं टेप बघितली आणि बाळाला पदराआड घेतलं.

"टेप न्हाई लावायची लेकराला."

"अहो आजी, दुखत नाही. फक्त मोजायचंय."

"शिंपी टेपनं कशाला मोजतो? कापायला! न्हाई म्हंजी न्हाई."

दुसऱ्या घरी तेच, दहाव्या घरी तेच. जावळ होईपर्यंत बाळाच्या डोक्याला टेप लागता कामा नये, हे अख्ख्या पंचक्रोशीचं ठरलेलं होतं. त्यातून पहिल्या खेपेला मुली माहेरी येणार, सव्वा महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी बाळ घेऊन सासरी जाणार. म्हणजे आज दिसलेलं बाळ उद्या राहात्याला, परवा वैजापूरला. बायका चहा द्यायच्या, भाकरी वाढायच्या, बाळ काय खातं ते तासभर सांगायच्या, पण डोकं काही द्यायच्या नाहीत. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. चार महिन्यांनी माझ्या वहीत एकही आकडा नव्हता. एका दुपारी मी चांगुणामावशींच्या ओसरीवर टेप आपटली आणि म्हणाले, "मी उद्याच्या यष्टीनं पुण्याला जाते. तुमची डोकी तुम्हालाच लखलाभ!"

मावशींनी सुई थांबवली. त्या सुई थांबवायच्या म्हणजे काहीतरी मोठं असायचं. त्यांनी माझ्या कपाळाकडे, मग कानांच्या वर नीट बघितलं.

"तुझं डोस्कं चांगलं घडलंय गं," त्या म्हणाल्या, "मंग आत काय झालंय?"

तेवढ्यात एक बाई बारा दिवसांचं बाळ घेऊन आली. मावशींनी दोरा घेतला. भुवयांच्या जरा वरून, दोन्ही कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवला. मी बघतच राहिले. घेर नेमका कुठून घ्यायचा याचं चित्र आमच्या पाठ्यपुस्तकात होतं, आणि पुण्यात माझे निम्मे सहाध्यायी ते चुकायचे. मावशींनी दोऱ्याची दोन टोकं जिथे जुळली तिथे चिमटीत धरलं, आमच्या सगळ्यांकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून दोरा तोडला. दोरा तोडताना कुणी बघायचं नसतं, दृष्ट लागते. मग त्या माजघरात गेल्या, आणि मी पहिल्यांदा मान वर करून तो बांबू पाहिला.

शेकडो दोरे होते. प्रत्येकाला चिंधी, प्रत्येकाला गाठ. आणि मावशी बोट लावून सांगत होत्या, "ह्यो राहीबाईच्या नातवाचा, बारशाचा. ह्यो त्याचाच, उष्टावनाचा. ही लंकाबाईची लेक. सासरी गेल्ती, तिथनं दोरा पाठवला यष्टीच्या कंडक्टरबरं." सासरी गेलेल्या मुलींना माप कसं घ्यायचं ते मावशी निघतानाच शिकवत, आणि आलेल्या दोऱ्यावरून रिवाजाप्रमाणे आपला दोरा तोडून तोच टांगून ठेवत. ज्या बाळांच्या मागे मी चार महिने धावत होते, ती सगळी तिथे ओळीनं लटकत होती. मी मावशींच्या गळ्यात पडले. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

"आगं सुई हाय हातात," त्या म्हणाल्या.

दोरे मोजायची परवानगी मिळाली, पण अटी होत्या. ज्या बाळाचा दोरा, त्याच्या आईला आधी विचारायचं. दोरा उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. आणि जावळ होऊन तिसरं टोपडं डोक्यावर चढलं की तिन्ही दोरे केसांबरोबर गोदावरीत जाणार, त्याला मी आडवं यायचं नाही. विचारायचं काम मावशींनीच केलं. टेपला नाही म्हणणाऱ्या बायका दोऱ्याला हसत हो म्हणाल्या. दोऱ्याला टेप लावली तर चालतं, डोक्याला नाही. मी वाद घातला नाही. चार महिन्यांत मी वाद न घालायला शिकले होते, हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही.

पुढचं वर्षभर मी त्या माजघरात मांडी घालून बसले. एकेक दोरा पाटावर सरळ करायचा, टेप लावायची, लिहायचं. चिंधीचा रंग, गाठी किती, कुठल्या घरचा, सगळं लिहायचं. काही दोऱ्यांना एकाऐवजी दोन गाठी होत्या, तेही लिहिलं. का, ते विचारलं नाही. घराण्याची खूण असेल असं धरून चालले. एकशे चौदा बाळं झाली, तिन्ही मापांसकट. पावसाळा संपता संपता मी सगळे आकडे नीट तक्त्यात मांडले आणि ऐटीत सरांना पाठवले.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. सरांचं अक्षर मुंगीएवढं.

"आकडे पाहिले. तुमच्या गावात बारा दिवसांची मुलं दोन महिन्यांची डोकी घेऊन जन्माला येतात. अभिनंदन. एक तर गोदावरीच्या पाण्यात काही आहे किंवा तुमच्या कामात. माघात मी स्वतः येऊन पाहीन. खुलासा झाला नाही तर यातला एकही आकडा प्रबंधात जाणार नाही."

प्रबंधाशिवाय परीक्षा नाही. दीड वर्ष वाया आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. तेही मला दुसऱ्यांदा संधी मिळाली तर. कार्ड हातात घेऊन मी तशीच मावशींकडे गेले. पायात चपला होत्या की नाही आठवत नाही.

"मावशी, दोरा डोक्याएवढाच असतो ना?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या मागून चपट्या डोक्यांकडे बघायच्या.

"डोस्क्याएवढा कसा आसंल? दोन बोटं जास्त."

"दोन बोटं?"

"आगं, टोपडं काय डोस्क्याएवढं शिवायचं आसतं व्हय? लेकरू वाढनार न्हाई का? वाढायला जागा नगं? दोरं जुळत्यात तिथं दोन बोटं ठिवायची न मंग तोडायचं."

पाठ फिरवल्यावर, भिंतीकडे तोंड केल्यावर, नेमकं तिथे. वर्षभर मी त्या पाठीकडे बघत बसले होते.

"मग मला सांगितलं का नाही!" मी ओरडले. ओसरीवरची कोंबडी उडाली.

"तू कुठं इचारलं?" मावशी शांतपणे म्हणाल्या.

रागानं मला रडू आलं. राग त्यांच्यावर नव्हता, स्वतःवर होता. एवढी शिकले आणि टोपडं सैल असतं हे कळू नये! बहुतेक दोरे तोवर गोदावरीत गेलेले. मावशींनी मला गुळाचा चहा दिला. मी डोळे पुसले आणि त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं शेजारी ठेवून त्यांना टेप लावली. बोटांना टेप लावलेली चालत होती. बरोब्बर तीन सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली, आठवड्यानं पुन्हा. तीनच.

"नेहमी एवढीच ठेवता?"

"बोटं काय रोज बदलत्यात?" मावशी म्हणाल्या.

मी सगळ्या आकड्यांतून तीन सेंटिमीटर वजा केले. घेर बरोबर जागेवर आले. पण सरांना हे पटवायचं कसं? कुणा बाईच्या दोन बोटांवर एम. डी. कशी मिळणार?

माघात सर आले. कडक इस्त्रीचा सदरा, काळी पिशवी, पिशवीत पुण्याहून आणलेली पोलादी टेप. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तोंडावरची रेषाही हलली नाही. मग म्हणाले, "बारा बाळं आणा. या बाई दोरा घेतील, मी टेप घेईन. प्रत्येक बाळाचा फरक तीन सेंटिमीटर आला तर मी मानतो. एकाचाही चुकला तर नाही."

टेपचं नाव काढताच अंगणात जमलेल्या आयांनी बाळं पोटाशी धरली. तेव्हा मावशी उठल्या. "आदी माजा दोरा. दोरा लागला की मंग टेप काय करनार न्हाई. मी हाय न हितं," त्या म्हणाल्या. एवढं बोलणं पुरलं. मला दीड वर्षात जे जमलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात केलं, आणि मला आनंदाबरोबर जरा हेवाही वाटला. मग त्यांनी सरांच्या हातातली टेप काढून घेतली. सर दचकले.

"गार हाय की ही," मावशी म्हणाल्या, आणि टेप मुठीत धरून बसल्या. प्रत्येक बाळाआधी त्या टेप अशी मुठीत ऊन करून सरांच्या हातात द्यायच्या. तिसऱ्या बाळापासून सर स्वतःच टेप पुढे करायला लागले.

पहिलं बाळ. मावशींनी दोरा फिरवला, पाठ केली, तोडला. सरांनी टेप लावली. फरक तीन. दुसरं, तीन. तिसरं, तीनला एक रेघ कमी, सरांनी तीनच धरलं. चौथं, पाचवं, सहावं. बन्सीभाऊ ओट्यावर बसून मोठ्यानं मोजत होते, जणू कुस्त्यांचा फड लागलाय. अकरा बाळं झाली, अकरा वेळा तीन. बारावं बाळ मालनबाईचं, पंधरा-वीस दिवसांचं, नाव गहिनीनाथ. मुठीएवढं तोंड आणि त्यात नुसते डोळे. मावशींनी दोरा घेतला, पाठ केली, तोडला. सरांनी टेप लावली, मग दोरा मोजला, मग पुन्हा मोजला.

"साडेचार," सर म्हणाले. "इथे चुकलं."

बन्सीभाऊंची मोजणी अकरावरच थांबली. मला दिसत होतं, पुण्याला परत, नवा विषय, नवं गाव, वडिलांचं कॉलनीतून मान खाली घालून चालणं.

"चुकलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "ह्याला तीन बोटं दिल्यात."

"का?" सर म्हणाले.

"सातव्या म्हैन्यात आलंय ते. दुसऱ्यांपरास त्याला जास्त वाढायचं हाय. मंग जागा बी जास्त लागनार."

सरांनी मालनबाईजवळचं बारशाचं टोपडं उचलून बाळाच्या डोक्यावर ठेवलं. ते नाकापर्यंत खाली आलं. बाळानं आत शिंक दिली.

"असे तीन बोटांवाले किती आहेत?" सरांचा आवाज हलका होता, पण प्रश्न हलका नव्हता. एकशे चौदांत कुणाला दोन आणि कुणाला तीन बोटं दिली ते कळलं नाही तर सगळाच हिशेब बुडाला. दोरे तर नदीत. आता कोण सांगणार?

"किती ते म्या न्हाई मोजलं," मावशी म्हणाल्या. "पन तसल्या दोऱ्याला मी दोन गाठी मारती."

मी धावत जाऊन वही आणली. दोन गाठी, दोन गाठी, दोन गाठी. समासात प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं. एकोणीस बाळं. सर आणि मी तिथेच अंगणात बसून त्या एकोणीस बाळांचे आकडे सुधारले. त्यातलं एकूण एक दिवस भरण्याआधी आलेलं किंवा अगदी हलकं जन्मलेलं होतं. बारशाला त्यांची डोकी इतरांपेक्षा बरीच लहान. आणि जावळापर्यंत बहुतेकांनी बाकीच्यांना जवळजवळ गाठलेलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "तुमचा प्रबंध या एकोणिसांवर आहे," ते मला म्हणाले. "बाकीच्या पंचाण्णवांची वाढ आम्हाला आधीपासून ठाऊक आहे."

वहीत आणखी चार दोरे होते, दोन गाठींचे, ज्यांना पुढचं मापच नव्हतं. सरांनी त्यांच्यावर बोट ठेवलं. मावशींना सांगावं लागलं नाही.

"त्यांची बी टोपडी मी शिवून ठिवली हुती," त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

मग मावशींनीच डोळे पुसून सरांकडे निरखून बघितलं. "साहेब, तुमचं बी माप घिऊ का? लई दांडगं डोस्कं हाय." सर चक्क मान वाकवून बसले. मावशींनी दोरा फिरवला, रिवाजाप्रमाणे पाठ केली, तोडला.

"मला किती बोटं?" सरांनी विचारलं.

"तुमाला एक बी न्हाई. तुमचं झालं वाढून."

अंगणभर हशा पिकला, बाळं दचकून रडायला लागली. सरांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

प्रबंधाला एक परिशिष्ट जोडावं लागलं, मापनाच्या साधनाचं. त्यासाठी मी मावशींच्या दोन बोटांचे शाईचे ठसे घेतले. त्यांनी ठसे द्यायला अर्धा दिवस घेतला. "तलाठ्याला आंगठा देत्यात. ही दोन बोटं कुनाला? जमीन तर न्हाई ना जानार?" असं त्या मला आणि बन्सीभाऊंना आळीपाळीनं विचारत होत्या. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक त्या पानावर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "या साधनाची अचूकता कधी तपासली आहे का?" माझ्याआधी सरच म्हणाले, "मी तपासली आहे." बहात्तरच्या दिवाळीआधी मी एम. डी. झाले. वडिलांनी कॉलनीत पेढे वाटले.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं, पुण्यातच नोकरी लागली. बन्सीभाऊंना अधूनमधून कार्ड टाकत होते. त्र्याहत्तरच्या भाद्रपदात लिहिलं, पौषात बाळ येईल. बाळ आलं कार्तिकात. दोन महिने आधी, दीड किलोची मुलगी.

मला सगळे तक्ते पाठ होते, हाच माझा शाप झाला. कुठल्या आठवड्यात किती घेर हवा, किती कमी असला तर काय होतं, सगळं. मी रोज तिच्या डोक्याला टेप लावायचे. एकोणतीस. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. चौथ्या दिवशी मी आकडा लिहिला नाही, टेप भिंतीवर फेकली. नवरा समजावायचा, आई समजावायची. मी कुणाचं ऐकत नव्हते. बारसं करायचं नाही म्हणून मी हट्ट धरून बसले. नाव ठेवलं आणि मग काही झालं तर, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. मी फार घाबरले होते.

बाराव्या दिवशी दुपारी दार वाजलं. बन्सीभाऊ, खांद्यावर घोंगडी, हातात पिशवी. पहाटेची यष्टी पकडून आलेले.

"तुमच्या बाबांचं कार्ड आलं," ते म्हणाले. "बाईनं तारीख इचारली, बोटांवर म्हैनं मोजलं, न बसली शिवाय. म्हनली, बाराव्याच्या आत पोचलं पायजे."

पिशवीत टोपडं होतं, हिरव्या खणाचं, लाल काठाचं. सोबत दोरा. दोऱ्याला दोन गाठी.

"पण माप कुणी दिलं?" मी विचारलं. "बाळ तर त्यांनी पाहिलंही नाही."

"मालनच्या गहिन्याचं बारशाचं माप तिच्या ध्यानात हुतं. त्याच्यावर शिवलं. गहिन्या आता लई वांड झालाय बगा. परवा आमचं रांजन फोडलं."

मी टोपडं मुलीच्या डोक्यावर ठेवलं. ते हनुवटीपर्यंत खाली आलं, मुलगी आतच नाहीशी झाली. मी हसायला लागले, आणि हसता हसता मोठ्यानं रडले. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा रडले. आई धावत आली. मी म्हणाले, "आई, पाळणा बांध. बारसं करू." संध्याकाळी मुलीचं नाव ठेवलं, चांगुणा. पुण्यातल्या नातेवाईक बायकांनी नाकं मुरडली, आधुनिक घरात हे काय नाव म्हणाल्या. मी त्यांच्याशी मात्र भरपूर वाद घातला.

टेप मी कपाटात टाकली. रोज सकाळी अंघोळीनंतर टोपडं घालायचे, सैल भाग मागे ओढून धरायचे आणि त्यावर आडवी बोटं टेकवून बघायचे. पहिल्या दिवशी चारही बोटं बसली आणि वर जागा उरली. मार्गशीर्षात तीन. मग दोन. एके सकाळी दुसरं बोट अर्धंच टेकलं, तेव्हा मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं, आणि त्याला काही न कळता तोही आनंदानं ओरडला.

संक्रांतीला तिचं बोरन्हाण केलं. चुरमुरे, बोरं, हलवा डोक्यावरून पडत होता आणि ती टकाटका बघत होती. हिरवं टोपडं घालायला गेले तर कपाळावर काठ रुतायला लागला. बंद बांधता येईनात. मागे एकही बोट टेकवायला जागा नव्हती.

बायका वाण लुटत होत्या. मी त्यांना तसंच सोडून आत गेले, कार्ड घेतलं आणि बन्सीभाऊंच्या पत्त्यावर एवढंच लिहिलं: "मावशींना सांगा, टोपडं लहान झालं."